चरक : शब्द आणि यंत्र

साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाळ्यात जागोजागी रसवंत्या लागतात. अलीकडे त्यांपैकी काहींवर 'लाकडी घाण्याचा ताजा रस' अशी पाटी दिसते. पाटीखालचे यंत्र न्याहाळले तर त्यात दोन किंवा तीन लाकडी रूळ असतात, रुळांच्या टोकांशी एकमेकांत गुंतणारे दाते असतात, गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यासाठी घुंगरे बांधलेली असतात, आणि हे सारे बहुधा एक विजेची मोटर फिरवीत असते. घाणा मात्र तिथे कुठेच नसतो. तिथे असतो तो चरक.

पाटी रंगवणाऱ्याशी आमचे भांडण नाही. लाकडी घाण्याच्या तेलाला बाजारात मान मिळाला, त्याची सावली रसावर पडली. शिवाय 'उसाचा घाणा' असा प्रयोग आपल्या बोलण्यात जुनाच आहे. आमची तक्रार आहे ती शब्दांचे अर्थ लिहिणाऱ्यांशी. विस्मृतीत चाललेल्या ग्रामीण शब्दांच्या याद्या हल्ली हौसेने केल्या जातात. त्यांत मोट असते, नाडा असतो, काहील असते आणि 'चरक – ऊस पिळण्याचे यंत्र' एवढी एक ओळ असते. ही ओळ चुकीची नाही, पण ती वाचून यंत्र कसे चालते हे कळत नाही, आणि घाण्याहून ते वेगळे कसे, हेही कळत नाही. वनस्पतीचे नाव सांगून तिचे पान, फूल, फळ काहीच न दाखवण्यासारखे हे झाले. यंत्राच्या नावाचा अर्थ लिहायचा तर कोणता भाग कोणत्या भागाला फिरवतो, जोर कुठे पडतो आणि माल कोठून कोठे जातो, इतके तरी त्यात आले पाहिजे. विज्ञान शिकवणाऱ्याला असा अर्थ मिळाला तर एका जुन्या शब्दातून दोन-तीन तासिकांचे काम निघते. चरक हा शब्द या दृष्टीने फार सोयीचा आहे.

आधी त्याला त्याच्या शेजाऱ्यांपासून वेगळे करू. आपल्या घरांत आणि गावांत दाबण्याची, चिरडण्याची तीन जुनी यंत्रे होती: जाते, घाणा आणि चरक. जात्यात दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. दाणा मध्ये पडतो, दोन दगडांमध्ये घासला जातो आणि पीठ होऊन कडेने बाहेर येतो. घाण्यात एक मोठी उखळ आणि तिच्यात तिरकी टेकून फिरणारी लाट. तीळ, करडई किंवा शेंगदाणे त्या लाटेखाली पुन्हा पुन्हा सापडतात, दाबलेही जातात आणि घासलेही जातात. तेल निघते आणि पेंड काढेपर्यंत माल जागच्या जागी फिरत राहतो. चरकाचे तसे नाही. चरकात दोन रूळ एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. त्यांच्या फटीत ऊस एका बाजूने शिरतो, चेपला जातो, रस खाली पडतो आणि चिपाड दुसऱ्या बाजूने बाहेर येते. दोन्ही रुळांच्या कडा फटीपाशी एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच वेगाने जात असल्यामुळे घासणे फार कमी होते. जवळजवळ सगळा जोर चेपण्यात जातो.

हा फरक वरवरचा नाही. उत्तर हिंदुस्थानात उसासाठीही उखळीच्या जातीचे दगडी कोल्हू वापरीत असत. पण त्यांत ऊस घालण्याआधी त्याचे तुकडे करावे लागत, आणि उखळ भरली की पिळायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. चरकाला अख्खा ऊस चालतो आणि काम अखंड चालते. उसासारख्या लांब आणि चिवट मालाला रूळ योग्य, तिळासारख्या बारीक दाण्याला उखळ योग्य. माणसाने मालाचा स्वभाव ओळखून यंत्र निवडले, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. 'लाकडी घाण्याचा रस' ही पाटी नेमका हाच फरक पुसून टाकते.

'क्रशर' या शब्दाने गोंधळ आणखी वाढवला आहे. लोखंडी चरकाला आता सगळीकडे क्रशर म्हणतात. याच दोन जिल्ह्यांत काळ्या दगडाच्या खाणींपाशी खडीचे क्रशर धडधडत असतात. मुलाच्या कानावर दोन्ही यंत्रांसाठी एकच शब्द पडतो. पण खडीच्या यंत्रात ठिसूळ दगड फुटतो, तुकडे होतात, आणि ते तुकडेच आपल्याला हवे असतात. उसाचे तंतू तुटत नाहीत. ते चेपतात, पेशी फुटतात, आणि आपल्याला हवा असतो तो त्यातून निघणारा द्रव. साखर कारखान्यांनी याच क्रियेला 'गाळप' हा शब्द रूढ केला. गाळणे म्हणजे खरे तर वस्त्रातून किंवा चाळणीतून पार करणे. तरीही कऱ्हाड-वाळव्याच्या शेतकऱ्याला गाळप हंगाम म्हटले की काय ते बरोबर समजते, आणि 'आजचे गाळप इतके टन' म्हणताना मोजलेले असते ते रसाचे वजन नसून उसाचे, हेही त्याला ठाऊक असते. गाळप हा शब्द आम्हांला आवडतो. त्याने लक्ष रसाकडे जाते. यंत्राचे नाव म्हणून मात्र 'क्रशर'ला बाजूला सारून चरक हाच शब्द पुस्तकांत यावा असे आमचे मत आहे, आणि ते केवळ मराठीच्या अभिमानापोटी नाही. चरक या शब्दात यंत्राची एक गोष्ट दडलेली आहे. 'क्रशर'मध्ये ती नाही.

ती गोष्ट चाकाची आहे. संस्कृत 'चक्र' प्राकृतात 'चक्क' झाले आणि मराठीत 'चाक' म्हणून आले. तेच मूळ इराणी भाषांत गेले होते. तिकडे त्याचे फारसीत 'चर्ख' झाले. या चर्खाबरोबर मराठीत चरखा आला आणि चरखही आला. चरखाचाच चरक. म्हणजे चाक आणि चरक हे सख्खे चुलतभाऊ आहेत: एक घरच्या वाटेने आला, दुसरा इराणचा फेरा घालून. आणखी एक चुलतभाऊ ग्रीकांकडे वाढला. त्यांच्या 'कुक्लोस'पासून इंग्रजीत सायकल झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात धंद्याला सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानापासून, आणि पुढे त्यांच्याच कारखान्यात लोखंडी चरक तयार झाले, हा योगायोग सांगितला तर मुलांना शब्दांची गंमत वाटेल.

मात्र इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो कोणत्याही कोशात विचारलेला नाही. चरकाचा अर्थ जर मुळात चाक असा आहे, तर चरकात चाक कुठे आहे? रुळांना कोणी चाक म्हणत नाही. जुन्या लाकडी चरकात तर दात्यांसाठी वेगळे चक्रही बसवलेले नसे. दाते रुळाच्याच माथ्याशी कोरलेले असत. मग चाक कुठले?

उत्तरासाठी चरक चालताना वरून पाहावा लागेल. रूळ उभे रोवलेले. त्यांपैकी एकाचे टोक वर काढलेले आणि त्याला आडवे लांब लाकूड बांधलेले. लाकडाच्या दुसऱ्या टोकाला बैल जुंपलेले. बैल चरकाभोवती फिरतात आणि जमिनीवर त्यांच्या पावलांची एक गोल वाट पडते. ती वाट म्हणजे चाकाची धाव, आडवे लाकूड म्हणजे त्या चाकाचा एकुलता आरा, आणि मधला रूळ म्हणजे आस. विज्ञानाच्या पुस्तकात साध्या यंत्रांच्या यादीत 'चाक आणि आस' असते, त्याचे इतके मोठे आणि इतके अदृश्य उदाहरण दुसरे नसेल. ही आमची व्युत्पत्ती नव्हे. शब्द घडताना कोणाच्या मनात काय होते ते सांगण्याचा दावा आम्ही करणार नाही. पण वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा. मुले आधी रुळांकडे बोट दाखवतात, मग दात्यांकडे, आणि शेवटी कोणीतरी बैलांकडे दाखवते.

आता हिशेब. आपल्याकडच्या खिल्लारी बैलाचे वजन अंदाजे ४०० किलो धरू. आटपाडी, म्हसवड या बाजूची खिल्लार जनावरे प्रसिद्धच आहेत. बैल बराच वेळ न थकता आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका जोर लावू शकतो. जोडीचा जोर ८० किलो झाला. आडवे लाकूड मध्यापासून ३ मीटर लांब आणि रुळाची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली तर गुणोत्तर २० येते. म्हणजे घर्षणाचा विचार बाजूला ठेवला तर रुळाच्या पृष्ठाशी १,६०० किलोचा जोर मिळतो. माणसाच्या हाताने न चेपणारा ऊस इथे पापडासारखा का होतो ते या आकड्यावरून कळते. पण फुकट काही मिळत नाही. बैल मिनिटाला ४२ मीटर चालले तर (ताशी अडीच किलोमीटर ही काही फार मोठी चाल नव्हे) ते मिनिटात सव्वादोन फेऱ्या करतात, आणि तेवढ्या वेळात रुळातून ऊस सरकतो जेमतेम २.१ मीटर. जोर वीसपट, अंतर विसावा हिस्सा. एक पुरा ऊस पलीकडे जायला मिनिट लागते, म्हणून एका वेळी तीन-चार ऊस लावायचे. या जोडीची शक्ती काढली तर ती सेकंदाला ५६ किलो-मीटर, म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्या आसपास भरते. नंतर गुऱ्हाळावर ऑइल इंजिन आले तेव्हा चरक आडवा झाला. त्याचे कारणही याच हिशेबात आहे. बैल आडव्या पातळीत फिरतात, म्हणून त्यांनी फिरवायची आस उभी असली की मध्ये काही बदल करावा लागत नाही. इंजिनाची आस आडवी, तिचे फेरे जलद. तिथे रूळ आडवे ठेवणे सोयीचे, आणि मोठ्या-लहान दंतचक्रांची जोडणी करून फेरे कमी करणे भागच.

दात्यांकडे वळू. बैल एकच रूळ फिरवतात. दुसऱ्याला पहिल्याचे दाते फिरवतात. लाकडी चरक वापरणाऱ्या लोकांनी या दोघांना नावे दिली: नवरा आणि नवरी. ज्याला बैलांचे लाकूड जोडलेले तो नवरा, त्याच्या दात्यांत दाते गुंतवून फिरणारी ती नवरी. परिभाषेत आपण यांना चालक आणि चालित म्हणतो. आम्हांला जुनी जोडी दोन कारणांनी सरस वाटते. एक म्हणजे ती ऐकल्याबरोबर लक्षात राहते. दुसरे असे की चालक-चालित म्हटले की एक करणारा आणि दुसरा सोसणारा असे चित्र होते; चरकात ऊस चेपण्याचे काम दोघेही सारखेच करतात, आणि नवरी जितक्या जोराने ऊस दाबते तितक्याच जोराने नवराही दाबतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे उभ्या-उभ्या शिकवता येतो. (नवऱ्याने चालायचे आणि नवरीने मागून जायचे, ही त्या नावातली समजूत मात्र त्या काळाची आहे, एखादी चुणचुणीत मुलगी त्यावर बोट ठेवेल, तर ठेवू द्यावे.)

दात्यांचे काम फक्त गती पोहोचवण्याचे नाही. एकमेकांत गुंतलेली दोन चक्रे नेहमी उलट दिशांनीच फिरतात. चरकाला नेमके हेच हवे असते. दोन्ही रूळ एकाच दिशेने फिरले असते तर फटीपाशी एकाची कड आत आणि दुसऱ्याची बाहेर गेली असती. ऊस अडकून घासला गेला असता. घरातली दोन लाटणी आणि एक कागद घेऊन हे तपासता येते. लाटणी समांतर धरून उलट फिरवली की कागद आपोआप आत ओढला जातो, एकाच दिशेने फिरवली की चुरगळून जागीच राहतो. पुढे कागदाऐवजी कणकेचा गोळा घ्यावा. छोटा गोळा ओढला जातो, मोठा नुसता वर नाचतो. फटीच्या मानाने जाड वस्तू आत ओढून घ्यायची तर रूळ जाड हवा किंवा त्याचा पृष्ठभाग खरखरीत हवा. चरकाच्या रुळांवर खाचा का पाडतात, नवा गुळगुळीत रूळ ऊस का नाकारतो, हे कणकेवरूनच समजते. घर्षण म्हणजे यंत्राचा शत्रू असे आपण सहज सांगून जातो. चरकात फटीपाशी घर्षण नसेल तर ऊस शिरणारच नाही, आणि खालच्या खोबणीत ते जास्त असेल तर बैल मेटाकुटीला येतील. एकाच यंत्रात ते एका जागी हवे आणि दुसऱ्या जागी नको.

तीन रुळांच्या चरकात याहून नामी युक्ती आहे. मधला नवरा, दोन्ही बाजूंना दोन नवऱ्या. नवरा वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल तर डाव्या फटीत ऊस पुढून मागे ओढला जातो आणि उजव्या फटीत मागून पुढे. म्हणून चरकापुढे एक माणूस बसे आणि मागे एक. पुढच्याने डाव्या फटीत लावलेला ऊस मागच्याने घ्यायचा आणि उजव्या फटीतून परत पाठवायचा. बैलांच्या एकाच फेऱ्यात दोनदा पिळणे. दुसरी फट थोडी अरुंद ठेवली की पहिल्या खेपेला राहिलेला रस दुसऱ्या खेपेला निघतो. फळ्यावर तीन वर्तुळे आणि तीन बाण काढून मुलांना विचारावे, मागचा माणूस कोणत्या बाजूला बसेल?

ही युक्ती कोणाची, यावर विद्वानांत बरेच लिहिले गेले आहे. सरकी वेगळी करण्याच्या आपल्या हातचरकीत दोन बारीक रूळ असतात आणि त्यांच्या टोकांना मळसूत्रासारखे तिरके आटे कोरून ते एकमेकांत गुंतवलेले असतात. कापसाच्या या चरकीवरूनच उसाचे रूळ सुचले असावेत, असे एक मत आहे. चीनमध्ये १६३७ साली सुंग यिंगशिंगने उद्योगधंद्यांवर लिहिलेल्या 'थिएनकुंग खाइवू' या ग्रंथात बैलाने फिरवायच्या दोन उभ्या रुळांच्या उसाच्या यंत्राचे चित्र आहे. अमेरिका खंडात सतराव्या शतकाच्या आरंभी तीन उभ्या रुळांची यंत्रे पसरली. ख्रिश्चन डॅनियल्स आणि जॉन डॅनियल्स यांनी १९८८ मध्ये या साऱ्या पुराव्यांची तपासणी करणारा एक मोठा लेख लिहिला, तरी वाद मिटला असे नाही. 'हे सारे आमच्याकडूनच गेले' असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. चरक हे नावच इराणच्या वाटेने आले आहे, हे ध्यानात ठेवले तर तो मोह आवरेल.

लाकूड जाऊन लोखंड आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न या गोऱ्या जमीनदारांनी १८७० नंतरच्या दशकात लोखंडी रुळांचा, बैलांनी ओढायचा छोटा चरक काढला आणि तो 'बिहिया मिल' या नावाने देशभर गेला. आपल्या भागात ही परंपरा पुढे नेली किर्लोस्करवाडीने. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत; तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रे या माळावरून निघाली. लक्ष देण्याजोगे हे की नांगर लोखंडी झाला तरी नांगरच राहिला, आणि रूळ ओतीव झाले तरी चरक चरकच राहिला. द्रव्य बदलले, आकार बदलला, बैल जाऊन इंजिन आले. क्रिया तीच राहिली म्हणून नाव टिकले. नाव गेले ते नंतर, 'क्रशर' हा शब्द आल्यावर.

लोखंडाने मिळवले काय? १०० किलो उसात सुमारे १५ किलो तंतू धरले तर उरलेला ८५ किलो रस म्हणता येईल. बैलांच्या चरकाने त्यातला ५० ते ६० किलो हाती येतो, इंजिनाच्या चरकाने ६० ते ६५ किंवा थोडा अधिक. उरलेला रस चिपाड स्पंजासारखा धरून ठेवते. कितीही दाबले तरी काही भाग सुटत नाही. साखर कारखान्यात रुळांचे संच एकापुढे एक लावतात आणि मधूनमधून चिपाडावर पाणी शिंपडतात, तेव्हा कुठे उसातली ९५ टक्क्यांच्या आसपास साखर रसात उतरते. गुऱ्हाळावर हे पाणी घालून चालत नाही, कारण ते पुन्हा काहिलीत आटवावे लागेल आणि जळण वाढेल. १०० किलो उसापासून १० ते १२ किलो गूळ, हा गुऱ्हाळाचा सर्वसाधारण पडता. चरकाकडे नुसते यंत्र म्हणून पाहिले तर तो उधळा वाटतो. चुलवाणात जाणारे चिपाड आणि आटवायचे पाणी यांच्यासह पाहिले तर त्याचे गणित जुळते.

लेखक मंडळी चरकाचा जो उपयोग करतात त्याबद्दलही बोलले पाहिजे. 'परीक्षेच्या चरकात', 'चौकशीच्या चरकातून' हे प्रयोग ठीक आहेत: एकदाच जायचे, पिळून निघायचे आणि पलीकडे चिपाड होऊन पडायचे. पण 'वर्षानुवर्षे नोकरीच्या चरकात फिरत राहिला' असे वाचले की आम्ही थबकतो. चरकात ऊस फिरत राहत नाही. फिरत राहतो तो बैल, किंवा घाण्यातला माल. इथे घाणाच हवा होता. ही कुरकुर क्षुल्लक वाटेल, पण लेखकाने यंत्र पाहिले आहे की केवळ शब्द ऐकला आहे, हे अशा वाक्यात उघडे पडते.

वर्गात चरक म्हटले की 'म्हणजे ते आयुर्वेदवाले?' असा प्रश्न ठरलेला. नाव एक असले तरी त्या चरकाचा या चरकाशी शब्द म्हणून काही संबंध नाही. मजा अशी की चरकसंहितेत उसाच्या रसाचा विचार आहे, आणि तिथे दातांनी चावून खाल्लेल्या उसाचा रस आणि 'यांत्रिक' म्हणजे यंत्रातून काढलेला रस यांत भेद केला आहे. यंत्राचा रस दाह करतो असे म्हटले आहे. पुढे वाग्भटाने याची कारणे दिली: यंत्रात मुळाकडचा भाग, शेंडा आणि किडलेले कांडेही पिळले जाते, मळ मिसळतो, आणि रस काही वेळ तसाच राहतो म्हणून बिघडतो. यात चमत्कार काही नाही, निरीक्षण आहे. आजच्या रसवंतीपुढे उभे राहून ही तीनही कारणे मुलांना तपासता येतील: ऊस धुतला होता का, खराब कांडी काढली होती का, रुळांवर कालचा रस वाळून राहिला आहे का.

शेवटी चरकाचा तो भाग, जो शब्दांच्या याद्यांत कधीच येत नाही. ऊस आत ओढणारी फट हातही ओढते. कॅरिबियन बेटांतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांत गुलामांकडून हे काम करवून घेत, आणि रुळात बोट सापडले तर हात तोडून माणूस सोडवायला चरकाजवळ कुऱ्हाड किंवा सुरा ठेवलेला असे. व्हॉल्तेअरच्या 'काँदीद' (१७५९) या कादंबरीतला सुरिनामचा गुलाम आपला हात असाच गेला हे सांगतो. बैलांच्या चरकात रुळाची कड सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर सरकते. ओरडले तर बैल थांबवायला थोडी तरी उसंत मिळे. मोटरवर चालणाऱ्या चरकात रूळ कितीतरी जलद फिरतात आणि ओरडून मोटर थांबत नाही. ओढणी, सैल बाही, मोकळी वेणी, हातातले कडे, यांतले काहीही आधी सापडते आणि मागोमाग हात जातो. माघारी ओढण्याचा उपयोग होत नाही, कारण ज्या घर्षणाने ऊस शिरतो तेच घर्षण हाताला धरून ठेवते. म्हणून उरलेले कांडे बोटांनी न ढकलता पुढच्या उसाने ढकलायचे, दात्यांवर झाकण हवे, आणि मोटरचे बटण ऊस लावणाऱ्याच्या हाताशी हवे, पाठीमागच्या खांबावर नको. शाळेच्या फाटकाशी रसाची गाडी उभी राहत असेल तर शिक्षकांनी गाडीवाल्याशी एवढ्या तीन गोष्टी जरूर बोलाव्यात. आणि तीन रुळांचा चरक असेल तर हेही पाहावे की धोका एकाच बाजूला नाही: पुढे उभे राहणाऱ्याला एक फट आत ओढते, तर मागे उभे राहून गंमत पाहणाऱ्या मुलाला दुसरी.